मोटारीच्या पाण्यातली हवा : एका दुरुस्तीकामाचा इतिहास

मोटारीच्या इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात हवा शिरली की ती वाटेतली सर्वांत उंच जागा गाठून तिथे बसते. ती जागा रेडिएटरच्या झाकणाखाली असली तर झाकण उघडताच हवा निघून जाते आणि तिची दखलही कुणाला घ्यावी लागत नाही. ती जागा सिलिंडर हेडमध्ये, हीटरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या मागे असली तर हवा तिथेच कोंडून राहते. वॉटर पंप बदलला, होज पाइप बदलला, हेड गॅस्केट बसवली, रेडिएटर उतरवून धुतला, तर यंत्रणा रिकामी होते आणि पुन्हा भरताना हवा आत राहून जाते. ती बाहेर काढणे हा आज अशा प्रत्येक दुरुस्तीचा शेवटचा टप्पा आहे. मोटारीच्या पहिल्या चाळीसएक वर्षांत हे काम जवळजवळ नव्हतेच. ते कुठून आले याचा माग काढत गेले तर तो बॉनेटच्या उंचीपाशी येऊन थांबतो. रेडिएटर पाण्याच्या वाटेतले सर्वांत उंच ठिकाण होता तोवर हवा आपली आपण जात होती. ते स्थान त्याने गमावले आणि मेकॅनिकच्या कामात एका कामाची भर पडली.

एवढीशी हवा इतकी घातक का ठरते, याची कारणे साधी आहेत. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे, आणि तेवढ्याच आकारमानाची हवा व पाणी एकेका अंशाने तापवायचे तर पाण्याला हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता लागते. एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आसपासच्या चिंचोळ्या वाटा सर्वांत जास्त तापतात आणि बहुतेक इंजिनांत त्या वरच्या अंगालाच असतात. तिथे पाण्याच्या जागी हवा बसली तर धातूची उष्णता घ्यायला काहीच उरत नाही. शेजारचे पाणी उकळते, वाफ होते, वाफेने पोकळी आणखी मोठी होते. हेड वाकते, गॅस्केट उडते. वॉटर पंपाचेही तेच. फिरत्या पात्यांनी द्रव बाहेर फेकून तो दाब निर्माण करतो, आणि हवा पाण्यापेक्षा सुमारे आठशेपट हलकी असल्यामुळे पात्यांपाशी हवा आली की पंप फिरत राहतो पण काहीच ढकलत नाही. त्यात तापमानाचा सेन्सर नेमका हवेत उघडा पडला तर काटा खालीच राहतो. इंजिन भाजत असताना चालकाला सगळे ठीक दिसते, आणि या बिघाडातली सर्वांत वाईट गोष्ट हीच.

कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत हा प्रश्न उद्भवण्याची शक्यता नव्हती. तिच्या सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, आणि उष्णताही तिच्याबरोबर जाई. यंत्रणा वरून उघडी, त्यामुळे हवा कोंडणार कुठे? किंमत मोजावी लागे ती पाण्याच्या रूपाने. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याच्या पत्नीने, बेर्टा बेंझने, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टसहाइमपर्यंतचा शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा वाटेत मिळेल तिथून पाणी घेऊन भरत राहावे लागले. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८९ च्या गाडीत चौकटीच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी फिरवले. पुढे मायबाखने जे केले त्याने मोटारीला तिचा चेहरा मिळाला. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी, ३५ अश्वशक्तीच्या इंजिनापुढे, त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. हवा नळ्यांतून जाई आणि पाणी त्यांच्या सभोवारच्या फटींतून. मागे पंखा होता. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला आता अवघे ९ लिटर पाणी पुरू लागले. गाडीच्या तोंडाशी उभा, उंच, वर झाकण असलेला रेडिएटर हा नमुना पुढची पन्नास वर्षे टिकला, आणि त्याच्या त्या उंचीमुळे हवेचा बंदोबस्त आपोआप होत राहिला.

त्या काळात पंपाला पर्यायही होता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरते आणि पुन्हा इंजिनात येते. थर्मोसायफन म्हणून ओळखली जाणारी ही रीत रेनोने आपल्या गाड्यांत कटाक्षाने वापरली. त्यासाठी रेडिएटर इंजिनाच्या मागे, उंचावर, चालकाच्या पुढ्यात ठेवला. सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसमधून सैनिकांना मार्नच्या आघाडीकडे घेऊन गेलेल्या टॅक्स्यांत याच धाटणीच्या रेनो गाड्या होत्या. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९०८ मध्ये आरंभी पाण्याचा पंप होता. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांनंतर तो काढून टाकला आणि तिथून पुढे १९२७ पर्यंत मॉडेल टी थर्मोसायफनवर चालली. या रीतीचा हवेशी असलेला संबंध नीट पाहण्यासारखा आहे. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यापेक्षा ९० अंशांचे पाणी जेमतेम दोन टक्क्यांनी हलके असते, आणि सगळे अभिसरण या दोन टक्क्यांच्या फरकावर चालते. रेडिएटरमधली पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की धार तुटते आणि पाणी फिरणे थांबते. दोष हवेचाच, पण उपाय ओतण्याचा. झाकण उघडायचे, पाणी वरपर्यंत घालायचे, की काम झाले. चालक हे रोज सकाळी करत.

रेडिएटरच्या माथ्यावर हवेची थोडी जागा तर मुद्दाम ठेवली जाई, कारण तापताना पाणी फुगते. २० अंशांवरून ९० अंशांवर जाताना त्याचे आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. १९१० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालेले बॉइस मोटोमीटर नावाचे झाकणावरचे तापमापक या रिकाम्या जागेतल्या वाफेचेच तापमान दाखवत असे. चालकाला ते काचेतून गाडी चालवताना दिसे. म्हणजे हवा त्या काळी यंत्रणेत होती, पण तिच्या ठरलेल्या जागी होती.

हवेची वाट पहिल्यांदा अडवली ती थर्मोस्टॅटने. थंड इंजिन लवकर तापावे म्हणून पाणी काही काळ रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा वॉल्व्ह कॅडिलॅकने १९१४ मध्ये आपल्या व्ही-८ इंजिनावर आणला आणि पुढच्या दोन दशकांत तो सर्वत्र पसरला. सुरुवातीचे थर्मोस्टॅट घड्यांच्या पितळी डबीचे असत. डबीतला चटकन उडणारा द्रव तापला की डबी लांबे आणि वॉल्व्ह उघडे. सर्जियस व्हर्ने याने १९३० च्या दशकात अमेरिकेत मेणाचा थर्मोस्टॅट विकसित केला. मेण वितळताना फुगते आणि दांडा ढकलते. घड्यांच्या डबीवर बाहेरच्या दाबाचा परिणाम होई, मेणावर तो जवळजवळ होत नाही. म्हणून यंत्रणांतला दाब वाढत गेला तसे मेणाने जुन्या डबीला बाजूला सारले. आजही बहुतेक गाड्यांत तेच मेण आहे. पण कोणत्याही जातीचा असो, थंड थर्मोस्टॅट बंद असतो, आणि रिकाम्या यंत्रणेत पाणी भरले जाते ते इंजिन थंड असतानाच. खालच्या नळीतून पाणी ब्लॉकमध्ये चढते, वरची हवा हेडमध्ये सरकते, आणि थर्मोस्टॅटच्या बंद दारापाशी अडते. रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो, हेड मात्र अर्धे कोरडे.

यावर निघालेला उपाय या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर म्हणावा असा आहे. थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक पाडले आणि त्यात एक सैल, डुलती पिन अडकवली. भरताना हवा पिनेच्या कडेने वर निघून जाते. इंजिन सुरू झाले की पंपाच्या दाबाने पाणी पिनेला भोकावर दाबून धरते आणि भोक जवळपास बंद होते. पैशा-दोन पैशांचा हा तुकडा कोणत्याही देखभालीशिवाय वर्षानुवर्षे काम करतो. अट एकच, पिन वरच्या बाजूला यायला हवी. थर्मोस्टॅट उभा बसत असेल आणि मेकॅनिकने तो फिरवून पिन खाली ठेवून बसवला तर हवा पिनेच्या वर अडकते आणि सगळी योजना वाया जाते. दुरुस्तीनंतर गाडी तापल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ एवढ्याशा चुकीत सापडते. पिन नसलेल्या थर्मोस्टॅटला तीनेक मिलिमीटरचे भोक स्वतः पाडून घेण्याची रीतही गॅरेजांत रूढ झाली.

दुसरी अडवणूक झाकणाने केली. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल घालत, पण ते उकळून उडून जाई. १९२७ पासून अमेरिकेत प्रेस्टोन या नावाने इथिलीन ग्लायकॉल मिळू लागले. हा पदार्थ उडत नाही, गोठणबिंदू खाली नेतो आणि उत्कलनबिंदू वर. मग यंत्रणा बंद करून आत दाब धरून ठेवण्याची कल्पना पुढे आली. वातावरणाच्या दाबावर अर्धा बार दाब चढवला तर साधे पाणी १११ अंशांना उकळते, एक बार चढवला तर १२० अंशांना. पाणी अधिक तापू शकते म्हणजे रेडिएटर लहान करता येतो. या वाटेवर विमाने मोटारींच्या पुढे होती. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल वापरले, पुढे दाबाखालचे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असे मिश्रण घेतले. हे इंजिन असलेल्या स्पिटफायर विमानात प्रोपेलरमागे, इंजिनाच्या अगदी पुढे, एक टाकी होती. तिच्यात द्रव संथ होऊन त्यातली वाफ आणि हवा वेगळी होई. द्रवाचा वेग कमी केला की बुडबुड्यांना वर चढायला वेळ मिळतो, हे सूत्र पुढे ट्रकांच्या आणि मोटारींच्या टाक्यांत जसेच्या तसे आले.

दाबाच्या झाकणाने एक फसवी सोयही केली. एक बार जादा दाबाखाली हवेची पोकळी निम्म्या आकाराची होते. गाडी चालत असताना ती जाणवत नाही. रात्री इंजिन निवते, दाब उतरतो, पोकळी पुन्हा फुगते आणि सकाळी सुरू करताना हेडमध्ये नेमकी तिथे असते. शिवाय झाकण आता तापलेल्या गाडीवर उघडण्याची सोय उरली नाही. दाब अचानक सुटला की ११० अंशांचे पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि हातातोंडाला भाजते. पूर्वीचा चालक रस्त्याच्या कडेला उभा राहून झाकण उघडून पाहू शकत होता. दाबाखालच्या यंत्रणेत आत काय चालले आहे ते निवेपर्यंत कळत नाही.

तिसरी अडवणूक हीटरची. १९३० च्या दशकात गरम पाण्याचे हीटर अमेरिकी गाड्यांत पसरले. नॅश कंपनीने दशकाच्या शेवटी बाहेरची हवा आत ओढून हीटरवरून खेळवणारी व्यवस्था आणली. हीटर बसतो डॅशबोर्डमागे, बहुधा इंजिनाच्या बरोबरीला किंवा त्याहून वर, आणि त्याच्या नळ्या वळसे घेत जातात. हवेला दडायला याहून सोयीची जागा नाही. इंजिन तापलेले असूनही हीटरमधून गार वारा येणे आणि डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येणे, ही अडकलेल्या हवेची सर्वांत खात्रीची लक्षणे तेव्हापासून मानली जातात.

तरीही रेडिएटर उंच होता तोवर हे सारे सांभाळून घेता येत होते. निर्णायक बदल घडला तो गाडीच्या आकारात. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉनेट खाली येऊ लागले. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या सित्रोएं डीएस गाडीचे उतरते नाक हा त्याचा टोकाचा नमुना होता. १९६० च्या दशकात साध्या गाड्याही त्याच दिशेने गेल्या. उभ्या रेडिएटरची जागा आडव्या रेडिएटरने घेतली, ज्यात पाणी वरून खाली न जाता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. रेडिएटरचा माथा हेडच्या खाली गेला. आता रेडिएटर काठोकाठ भरला तरी हेड भरेल याची हमी उरली नाही. रेनोने १९६१ मध्ये रेनो ४ ही गाडी कायमच्या बंद शीतनयंत्रणेसह आणली. तिच्यात फुगलेला द्रव एका वेगळ्या टाकीत जाई आणि निवल्यावर परत येई, त्यामुळे रोज पाणी घालण्याची गरज संपली. हा मोटारवापरातला मोठा बदल होता, आणि दुरुस्तीच्या बाजूने पाहता त्याचा अर्थ असा, की यंत्रणा उघडायचे प्रसंग कमी झाले पण उघडली तर ती पुन्हा नीट भरणे हे शिकून करायचे काम झाले.

फ्रेंच गाड्यांनी यासाठी छोटे स्क्रू दिले. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात, थर्मोस्टॅटच्या घरावर, हीटरच्या नळीच्या सर्वांत उंच वळणावर असे हवा सोडायचे स्क्रू बसवले जात. भरताना ते सैल करायचे, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळायचे, खालच्यापासून वरच्याकडे या क्रमाने. प्यूजो आणि सित्रोएंच्या कार्यशाळांत टाकीच्या तोंडावर पाण्याने भरलेले एक उंच नळकांडे बसवण्याची पद्धत होती. त्याने काही काळापुरते यंत्रणेला तिचे हरवलेले सर्वोच्च ठिकाण परत मिळे. जुन्या उंच रेडिएटरने जे काम फुकट केले असते ते आता एका हत्याराने करावे लागत होते. घसरणीवर गाडीचे तोंड वर करून उभी करणे हा त्याचाच बिनखर्ची प्रकार.

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाड्यांत हे काम सर्वांत कसोटीचे झाले. फोक्सवॅगनची पेट्रोलवरची ट्रान्सपोर्टर व्हॅन १९८२ च्या अखेरीपासून पाण्याने निवणाऱ्या इंजिनावर आली. तिच्या पोटाखालून गाडीच्या लांबीइतक्या दोन नळ्या पुढे जातात आणि यंत्रणेत १६-१७ लिटर द्रव मावतो. तिच्यातली हवा काढायची तर गाडीचा पुढचा भाग उचलायचा, इंजिन चढ्या वेगावर ठेवायचे, मागे टाकीत द्रव ओतत राहायचे आणि पुढे रेडिएटरच्या स्क्रूमधून धार येईपर्यंत वाट पाहायची. एकट्याने हे जमत नाही. फियाट एक्स१/९, टोयोटा एमआर२ आणि एमजी एफ या मध्यभागी इंजिन असलेल्या गाड्यांनाही लांब नळ्यांचा हाच जाच होता. एमजी एफमधल्या के-मालिकेच्या इंजिनात द्रव फार थोडा असल्यामुळे त्यातला लिटरभर जरी हवेने बदलला तरी हेड गॅस्केटवर बेतत असे.

भारतात हा इतिहास उशिरा पोचला, कारण येथे उंच रेडिएटर दीर्घकाळ टिकला. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बॅसडर १९५७-५८ पासून उत्तरपाड्याला बनत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि १९७० च्या दशकापासून पद्मिनी या नावाने तीच गाडी बाहेर पडत राहिली. दोन्हींचा नमुना १९५० च्या दशकातला, बॉनेट उंच, झाकण सर्वांत वर, आणि बहुतेकींना हीटर नाही. हवा अडकण्याच्या जागाच कमी. मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची धावली. तोवर तिच्या दुरुस्तीची पद्धतही तशीच चालू होती, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करायचे, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहायचे.

या गाड्यांची खरी परीक्षा खंडाळ्याच्या घाटात होई. साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांनाच उकळते. त्यात चढ, पहिला-दुसरा गिअर, मंद वेग आणि उन्हाळा. पाणी उकळून वाफ झाली की तिने द्रव बाहेर फेकला जाई आणि रिकाम्या जागेत हवा शिरे. बॉनेट उघडून कडेला थांबलेल्या गाड्या हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य होते. जाणते चालक लगेच झाकण उघडत नसत. इंजिन निवू देत, मग ते सुरू ठेवून थोडे थोडे पाणी घालत. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडून ते तडकू नये हे एक कारण, आणि चालत्या पंपामुळे हवा वर येत राहते हे दुसरे. याच अनुभवातून एक वाईट सवयही रुजली. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची. हवेची वाट त्याने मोकळी होते हे खरे, पण इंजिन सपाट रस्त्यावर पुरेसे तापतच नाही, इंधन जास्त जळते आणि सिलिंडर लवकर झिजतात. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० नंतर आडवी इंजिने, बुटकी बॉनेटे आणि कूलंटच्या बाटल्या सर्वत्र झाल्या, आणि ही सवय उघड नुकसानीची ठरली. नळाचे क्षारयुक्त पाणी भरण्याची सवयही तशीच, कारण अ‍ॅल्युमिनियमचे हेड त्याने कुरतडले जाते.

कूलंटची ती बाटली स्वतःही हवा काढण्याचे एक यंत्र आहे. रेडिएटरच्या झाकणात दोन वॉल्व्ह असतात. द्रव तापून फुगला की आधी वरची हवा आणि मग थोडा द्रव बाटलीत ढकलला जातो. हवा बाटलीतून उडून जाते. इंजिन निवले की आत ओढ निर्माण होते आणि बाटलीच्या तळातून फक्त द्रव परत येतो. दोन-चार वेळा तापून निवल्यावर उरलीसुरली हवा अशी निघून जाते, म्हणूनच दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी थंड गाडीची पातळी पाहून भर घालायला सांगतात. दुसरा प्रकार दाबाखालच्या टाकीचा. ती सर्वांत उंच बसवलेली असते, रेडिएटरच्या माथ्यावरून आणि हेडवरून बारीक नळ्या तिच्यात येतात, आणि चालू असतानाही थोडा प्रवाह सतत तिच्यातून जाऊन हवा वेगळी होत राहते. मोठ्या डिझेल ट्रकांत ही टाकी अटळ होती. तिथे सिलिंडरचे लायनर थेट पाण्यात उभे असतात. ज्वलनाच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठालगत वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. पाण्यात मिसळलेली हवा हे काम वाढवते. भोक पडून पाणी ऑइलमध्ये उतरले की इंजिन संपले.

हवा फक्त भरतानाच आत येते असे नाही. सामान्य तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९ मिलिलिटर हवा विरघळलेली असते आणि तापल्यावर ती सुटी होते. त्यामुळे थंड इंजिन अगदी काळजीपूर्वक भरले तरी एकदा थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवल्याशिवाय काम पुरे होत नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवणेही याच कारणाने सांगितले जाते. जुन्या गाड्यांत त्याने हीटरच्या नळीतला वॉल्व्ह उघडतो. आणि कितीही वेळा हवा काढली तरी बुडबुडे येतच राहिले, तर ती हवा नसून फाटलेल्या गॅस्केटमधून येणारा जळका वायू असण्याची शक्यता मोठी. टाकीच्या तोंडावरचा वायू निळ्या रासायनिक द्रवातून खेचून पाहतात. कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा पडला तर निदान पक्के. ही परीक्षा न करता पुन्हा पुन्हा हवा काढत बसण्यात गॅरेजचा वेळ आणि गिऱ्हाइकाचे इंजिन दोन्ही जातात.

१९९० च्या दशकापासून दीर्घ टिकणारी सेंद्रिय आम्लांवर आधारलेली कूलंटे आली. जनरल मोटर्सने १९९६ च्या गाड्यांपासून ती सरसकट वापरली. पातळी कमी राहून यंत्रणेत हवा खेळत राहिली तर यांचा तपकिरी चिखल होतो. हवा काढण्याला त्यामुळे नवे कारण मिळाले. त्याच सुमारास निर्वाताने भरण्याची पद्धत कारखान्यांतून गॅरेजांत उतरली. टाकीच्या तोंडावर रबरी शंकू बसवतात, कॉम्प्रेसरची हवा अरुंद नळीतून सोडून आतली हवा ओढून घेतात. होज पाइप चपटे होतात. दहापैकी नऊ हिस्से हवा काढल्यावर काटा काही मिनिटे स्थिर राहिला तर गळती नाही हेही आपोआप सिद्ध होते. मग वॉल्व्ह फिरवला की बाहेरचा वातावरणाचा दाब कूलंट आत ढकलतो. उरलेली एक दशांश हवा आकसून आणखी क्षुल्लक होते. हे इंजिन थंड असतानाच करायचे, कारण एवढ्या कमी दाबावर पाणी ४५ अंशांनाच उकळते, आणि गंजलेला रेडिएटर या ताणाने निकामी होऊ शकतो. उंच जागा शोधत बसण्याची गरज पहिल्यांदाच या पद्धतीने संपवली, म्हणून आजवरच्या साऱ्या उपायांत ती खात्रीची मानायला हवी.

पंप इंजिनाच्या पट्ट्यावरून सुटून विजेवर गेला तेव्हा आणखी एक बदल झाला. बीएमडब्ल्यूच्या २००४-०५ मध्ये आलेल्या सहा सिलिंडरच्या एन५२ इंजिनात विजेचा वॉटर पंप होता. तिथे इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करायचे, हीटर पूर्ण गरम आणि पंखा मंद ठेवायचा, अ‍ॅक्सिलरेटर दहा सेकंद दाबून धरायचा. मग पंप बारा मिनिटे आपल्या क्रमाने थांबत-चालत हवा टाकीत आणून सोडतो. त्याच काळात उत्तर अमेरिकेतल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रिअसमध्ये गरम कूलंट साठवणारी तीन लिटरची थर्मास-टाकी होती, आणि तिच्यातली हवा काढायला पंप वेगळा चालवावा लागे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींतही हे काम उरले आहे. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या, पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी द्रवाने निववली जाते. अशा गाड्यांत बॅटरीखालच्या सपाट, चिंचोळ्या वाटांतून कूलंट फिरते आणि त्याचे तापमान माणसाच्या अंगाइतके किंवा त्याहून थोडे कमी-जास्त असते. तापवून हवा सुटी करण्याचा जुना मार्ग येथे मिळत नाही, दाबही फारसा चढत नाही, आणि एखाद्या कोपऱ्यात राहिलेल्या हवेमुळे काही सेल इतरांपेक्षा तापत राहतात. म्हणून या यंत्रणा निर्वाताने भरतात, किंवा संगणकी उपकरण जोडून पंप आणि वळणवॉल्व्ह क्रमाने चालवतात, टाकीचे झाकण उघडे ठेवून पातळी उतरायची थांबेपर्यंत भर घालतात, आणि गाडी थंड असताना पातळी खुणेवर आणून झाकण लावतात.